अर्धा कोयता

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाचा उभा छेदच आहे. घोड नदीच्या काठावरून निघून तो भीमा ओलांडतो आणि सोलापूर महामार्गाला जाऊन मिळतो. शिरूरच्या पश्चिमेला रांजणगावची औद्योगिक वसाहत, वाटेवर न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना, भीमेपलीकडे केडगावच्या आसपासची गुऱ्हाळे, पुढे पाटसचा भीमा कारखाना आणि त्याच्याही पुढे कुरकुंभचे रासायनिक कारखाने. साखर कारखाने इथे कधी चालू असतात, कधी बंद, कधी दुसऱ्या कोणाला भाडेपट्ट्याने दिलेले. ऊस मात्र उभाच असतो, आणि दिवाळी सरली की तो तोडायला बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून माणसे येतातच. खळ्याच्या किंवा पडीक रानाच्या कडेला ताडपत्रीच्या कोप्या पडतात. त्या दिवसांत गावातला कोणीही, आपल्याकडे किती माणसे आली आहेत, असे विचारत नाही. ‘किती कोयते आले?’ असे विचारतो.

या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. कोयता हे हत्यार आहे, आणि ऊसतोडीच्या व्यवहारात ते मोजमापही आहे. एक कोयता म्हणजे एक जोडपे, नवरा आणि बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. कारखान्याशी करार होतो तो इतक्या-इतक्या कोयत्यांचा. हंगामाच्या शेवटी उचल फिटली की अंगावर राहिली हे ठरते तेही कोयत्याच्या हिशेबाने. एकटा माणूस आला तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. टनाचा दर काय हे तोडकरी बाईला बरोबर ठाऊक असते. तिच्या स्वतःच्या मजुरीचा आकडा मात्र तिला सांगता येणार नाही, कारण असा आकडा कोणत्याच वहीत नसतो. ती हिशेबात आहे, पण अर्धी आहे, आणि ते अर्धेपणही दुसऱ्याच्या नावाखाली आहे.

कामाच्या बाबतीत कोणी तिला अर्धी म्हणणार नाही. ऊस तोडणे, पाचट काढणे, वाढ्याने मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवणे. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. त्याआधी पाणी आणि सरपण, त्यानंतर भाकरी आणि लेकरे. उरलेल्या वेळात वाढे विकून चार पैसे करणे हेही पुष्कळदा तिच्याच वाट्याचे.

यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या आरंभापासून दक्षिण गुजरातेतील शेतमजुरांचा अभ्यास केला. बार्डोलीच्या सहकारी साखर कारखान्यांवरील त्यांचा दीर्घ लेख १९७८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त क्रमशः आला. मराठी वाचकाला त्याचे विशेष अगत्य असायला हवे, कारण त्यातले तोडकरी आपल्या खानदेशातून गेलेले होते आणि तिथेही मोजमाप कोयत्याचेच होते. ब्रेमन यांनी विचारलेला प्रश्न वरवर साधा आहे. बार्डोलीत स्थानिक भूमिहीन हळपती मजूर असताना कारखाने शेकडो मैलांवरून माणसे का आणतात? ‘स्थानिक लोक काम करत नाहीत’ हे त्याचे प्रचलित उत्तर. शिरूर-दौंडच्या पारावरही हेच ऐकू येते. ब्रेमन यांचे उत्तर निराळे आहे. बाहेरून आणलेला मजूर चोवीस तास हाताशी असतो, उचलीने बांधलेला असतो, हंगाम संपला की निघून जातो आणि गावावर किंवा संस्थेवर कसलाही हक्क सांगत नाही. त्याचे परकेपण ही त्या व्यवस्थेची गरज आहे.

आपल्या सहकाराचा गौरवग्रंथ लिहिणाऱ्यांनी हा मुद्दा फारसा मनावर घेतला नाही. कारखान्याचा सभासद असतो ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा सभासद नसतो, आणि कारखान्याच्या लेखी तो कामगारही नसतो; तो मुकादमाचा माणूस. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा होतो. म्हणजे दौंडच्या दोन एकरवाल्या शेतकऱ्याला तोडकऱ्याची दरवाढ आपल्याच बिलातून गेल्यासारखी दिसते, आणि हिशेबाने ती खरोखर जातेही. दोन गरजवंत समोरासमोर उभे करून तिसऱ्याने बाजूला राहण्याची ही सोय किती बेमालूम आहे! जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरवली, तेव्हा चर्चा झाली ती टक्क्यांची. ती वाढ कोयत्याच्या आत कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न ना संघटनांनी मांडला, ना साखर संघाने.

कोयत्याच्या आत काय घडते हे ब्रेमन यांच्याकडूनही पुरेसे कळत नाही, असे माझे मत आहे. त्यांची नजर मजूर आणि कारखाना यांच्या नात्यावर खिळलेली आहे. पुरुष तोडतो, बाई साफ करते, पोर मोळीला हात लावते, ही विभागणी ते नोंदवतात. पण हिशेबाचे एकक म्हणून कोयता त्यांनाही बराचसा मान्यच असावा असे वाटते. खरी मेख तर तिथेच आहे.

‘खाडा’ घ्या. एक दिवस कामावर गेले नाही तर दंड लागतो आणि तो उचलीत चढतो. पण दिवस कोणाचा बुडाला? बाईला ताप आला, पाळीत पोट धरून बसावे लागले, तर खाडा तिचा धरत नाहीत, कोयत्याचा धरतात. एकाच्या आजारपणाने दोघांची मजुरी जाते आणि वर दंड. आता २०१९ साली गाजलेला बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न या हिशेबाशेजारी ठेवून पाहा. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा बायकांमागे एक. यावर अज्ञान, अंधश्रद्धा, डॉक्टरांचा लोभ अशी कारणे सांगितली गेली, आणि लोभ तर असेलच. पण ज्या व्यवहारात बाईचे शरीर दोघांच्या पोटाला तारण ठेवलेले आहे, तिथे दर महिन्याच्या खाड्याची भीती कायमची मिटवणारा उपाय हा त्या बाईला अविचार वाटत नाही. तिने हिशेब चुकवलेला नाही. तो हिशेबच असा मांडलेला आहे. बाळंतपणाची रजा मागायची तर ती कोणाकडे? तिला कोणी कामावर ठेवलेलेच नाही. कामावर ठेवला आहे कोयता, आणि कोयता बाळंत होत नाही.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. दौंडच्या गुऱ्हाळावर ठेकेदाराने उत्तर प्रदेशातून आणलेला माणूस त्यात बसू शके; बीडहून आलेले जोडपे बसत नसे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या नव्या संहितेने घेतली, परंतु स्थलांतरिताच्या व्याख्येतली सीमेची अट कायम राहिली. आष्टीहून दौंडला येणे हे कायद्याच्या लेखी स्थलांतर नव्हेच. २०२१ मध्ये ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रे द्यावीत असे आदेश निघाले, ही गोष्ट चांगली झाली. मात्र ओळखपत्र गावी मिळते आणि हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. संसार दोघांचा, उचलीचे पैसे घरातच जातात, लेकीच्या लग्नात, घराच्या पत्र्यात, आजाऱ्याच्या औषधात; मग कोयता मधोमध चिरून काय साधणार? तोडकरी बायाही ‘आमचा कोयता’ असेच म्हणतात. हे खरे आहे. पण संसार मोडला की काय होते ते पाहावे. नवरा वारला, टाकून गेला, तर त्या बाईला मुकादम सहसा उचल देत नाही. तिला भाऊ, दीर, मुलगा असा कोणी जोडीला शोधावा लागतो. पंधरा वर्षे पूर्ण काम केलेली मजूर एका दिवसात मजूर राहत नाही. एवढ्यासाठी तरी तिची मजुरी तिच्या नावाने असायला हवी. आणि जोडीशिवाय उचल नाही म्हणून मुलामुलींची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात, तेव्हा हे एकक संसार टिकवते आहे की संसार घडवायला भाग पाडते आहे, हेही विचारावे लागते.

अशाश्वत श्रमावर आज जगभर लिहिले जाते. गाय स्टँडिंग यांचे ‘द प्रिकॅरियट’ हे पुस्तक २०११ मध्ये आले आणि ती संज्ञा रूढ झाली. युरोपातल्या माणसाची स्थिर नोकरी गेली, त्या दुःखातून ती जन्मली आहे. रांजणगावात सात-आठ महिन्यांच्या करारावर ठेकेदाराकडून लागणाऱ्या पोराला ती लागू पडते. त्याच्या चुलत्याला कुठेतरी ‘कायम’ झालेले त्याने पाहिलेले असते. तोडकरी बाईच्या बाबतीत मात्र गमावण्याजोगे स्थैर्य मागच्या कोणत्याच पिढीत सापडत नाही. तिथे ही संज्ञा उसनी आणि सैल वाटते.

त्यापेक्षा आपल्याला जवळची वाट शर्मिला रेगे यांनी दाखवली होती. हा रस्ता जिथे संपतो ते चौफुला तिथल्या लावणीच्या कलाकेंद्रांसाठी सर्वांना ठाऊक आहे. लावणी कलावंतिणींवर रेगे यांनी १९९५ मध्ये लिहिले ते जात, लैंगिकता आणि श्रम यांना एकमेकांपासून न सोडवता. आपल्याकडे लावणीवर लिहिणारे एकतर शृंगाराने विरघळतात किंवा उद्धाराच्या गोष्टी बोलतात. ती बाई रात्रभर काम करते, तिच्या मिळकतीत वाटेकरी आहेत, म्हातारपणाची कसली तरतूद नाही, हा विषय दोघांच्याही कक्षेत येत नाही. फडातल्या बाईचे बाईपण तेवढे दिसते, काम दिसत नाही. फडापासून हाकेच्या अंतरावर उसाच्या फडात (मराठीने दोन्हींना एकच शब्द दिला आहे) काम दिसते, तर ते करणारी बाई जोडप्यात विरून जाते. रेगे २०१३ मध्ये अकाली गेल्या. या दोन फडांना एकत्र पाहणारे संशोधन पुणे जिल्ह्यात व्हावे याहून स्वाभाविक काय असू शकते? विद्यापीठापासून चौफुला दीड-दोन तासांवर आहे.

असे संशोधन करणाऱ्याने प्रश्नावली घेऊन कोपीत जाताना ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ हा रकाना आधी खोडावा. मग एका दिवसाचे काम दोन वेगळ्या कागदांवर उतरवावे: कोण किती वाजता उठले, कोणी किती मोळ्या वाहिल्या, उचल कोणी मोजून घेतली, अंगठा कोणाचा घेतला, वाढ्याचे पैसे कोणाच्या कनवटीला गेले, गेल्या हंगामात खाडे किती पडले आणि कोणामुळे. हे कागद मुकादमाच्या वहीशेजारी ठेवले की त्या वहीत किती नावे आहेत आणि किती असायला हवी होती, हे मोजता येईल.