उसाच्या मळ्यातला सामना



या पानावर आपण नेहमी खतापाण्याच्या, रोगकिडीच्या गोष्टी बोलतो. आज क्रिकेटची गोष्ट सांगणार आहे. घरातली पोरे खूश होतील आणि आजोबा म्हणतील, "साहेब आज बांध चुकले!" पण आजोबा, ही गोष्ट उसाच्या मळ्यातच घडलेली आहे. तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

२५ जून १९८३ रोजी आपण लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर वेस्ट इंडीजला हरवून विश्वचषक जिंकला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या वेळी मी शाळेत होतो. दुपारच्या एस. टी. ने आलेला पेपर चावडीवर हातोहात फिरून फाटला होता. कोणी म्हणे नशीब, कोणी म्हणे चमत्कार. पण बंधूंनो, कणीस दिसते त्या दिवशी पीक येत नसते. त्या कणसाचे बी जवळजवळ तीन महिने आधी, २९ मार्च १९८३ रोजी, सातासमुद्रापलीकडे पडले होते. गावाचे नाव अल्बियन. मुलूख बर्बिस. देश गयाना.

गयाना हा दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाचा देश. क्रिकेटपुरता तो वेस्ट इंडीजमध्ये मोडतो. तिथली किनाऱ्याची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षाही खाली आहे. समुद्र अडवायला बांध घातलेले, रानातले पाणी काढायला जागोजाग चर आणि कालवे. कालव्याच्या तोंडाशी दार असते. ओहोटीला ते उघडायचे आणि भरती आली की बंद करायचे. आपल्याकडे ऊस बैलगाडीने, ट्रॅक्टरने कारखान्यावर जातो. तिथे तोडलेली मोळी लोखंडी होडग्यात टाकतात आणि होडग्यांची माळ कालव्यातून ओढत नेतात.

हा ऊस पिकवला कोणी? १८३८ ते १९१७ या काळात सुमारे २ लाख ३९ हजार माणसे हिंदुस्थानातून करारावर तिकडे नेली गेली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, थोडी मद्रासकडची. आपल्या मराठी मुलखातले लोक मॉरिशसला गेले, तसेच हे. करार पाच वर्षांचा. पण पुष्कळजण परतलेच नाहीत, तिथलेच झाले. त्यांची नातवंडे-पतवंडे मळ्याच्या कडेला क्रिकेट खेळू लागली. १९५४ साली वेस्ट इंडीजचा थोर फलंदाज क्लाइड वॉलकॉट या ऊसमळ्यांवर क्रिकेट रुजवायला आला. अल्बियनच्या शेजारच्या पोर्ट मोरँट या एका मळ्यातून रोहन कन्हाय, बेसिल बुचर आणि जो सॉलोमन असे तीन कसोटीपटू निघाले. आपल्या सुनील गावसकरने मुलाचे नाव रोहन ठेवले ते या कन्हायवरूनच. गावसकरचे पहिले कसोटी शतकही १९७१ साली गयानातच, जॉर्जटाउनला झाले.

अशा मुलखात आपला संघ १९८३ च्या मार्चमध्ये एक दिवसाचा सामना खेळायला उतरला. अवस्था कशी होती? कर्णधारपद गावसकरकडून चोवीस वर्षांच्या कपिल देवकडे नुकतेच आलेले. दौऱ्यातला पहिला एक दिवसाचा सामना पोर्ट ऑफ स्पेनला ५२ धावांनी गमावलेला. समोरचा संघ १९७५ आणि १९७९ असे दोन्ही विश्वचषक एकही सामना न हरता जिंकलेला. आपण त्या दोन स्पर्धांत मिळून एकच सामना जिंकलेलो, तोही पूर्व आफ्रिकेसारख्या नवख्या संघाशी.

मर्यादित षटकांचे क्रिकेट म्हणजे कॅनॉलची पाळी समजा. स्वतःच्या विहिरीवर माणूस सावकाश पाणी देतो, आज एक वाफा, उद्या दुसरा. ते कसोटी क्रिकेट. पण पाळीचे पाणी ठरल्या तासांत घ्यायचे असते. तास संपला की दार बंद, रान भिजो वा न भिजो. १९७५ साली लॉर्ड्सवर इंग्लंडने ३३४ धावा केल्या होत्या. आपली पाळी पूर्ण ६० षटकांची होती, आणि गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ धावांवर नाबाद राहिला. विहिरीवरचा शहाणा शेतकरी पाळीच्या पाण्यावर गोंधळला होता.

तोच गावसकर अल्बियनला सलामीला आला. समोर होल्डिंग, रॉबर्ट्स, मार्शल. एकाची धार चुकवावी तर दुसऱ्याची कुऱ्हाड. पण या वेळी त्याने पाळीचा हिशेब ओळखला आणि ११७ चेंडूंत ९० धावा केल्या. कपिल देव वरच्या क्रमांकावर आला आणि त्याने ३८ चेंडूंत ७२ धावा झोडपल्या. एकाने वाफे नीट बांधले, दुसऱ्याने पाणी भरभरून सोडले. ४७ षटकांत ५ बाद २८२! हिशेब करा, षटकामागे बरोबर सहा धावा. त्या काळी हे डोंगराएवढे होते.

वेस्ट इंडीजने झुंज दिली. रिचर्ड्सने ६४ धावा चोपल्या. पण रवी शास्त्रीने तीन गडी टिपले, आणि ४७ षटके संपली तेव्हा त्यांचा फलक होता ९ बाद २५५. आपण २७ धावांनी जिंकलो. एक दिवसाच्या सामन्यात वेस्ट इंडीजला आपण हरवण्याची ही पहिलीच वेळ.

पण गोष्टीचा मुद्दा पुढेच आहे. त्यानंतर लगेच दिवस पालटले असे नाही. ७ एप्रिलला ग्रेनाडात तिसरा सामना आपण सात गड्यांनी हरलो. कसोटी मालिका २-० ने गेली. घरी परतलेला संघ जगाच्या नजरेत हरलेलाच होता. मात्र खेळाडूंच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती: यांना हरवता येते, आपण हरवून पाहिले आहे. त्या संघातल्यांनी पुढे हे अनेकदा बोलूनही दाखवले. ९ जूनला मँचेस्टरला सुरू झालेल्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी वेस्ट इंडीजला ३४ धावांनी हरवले. १५ जूनला ६६ धावांनी मार खाल्ला. आणि २५ जूनला अवघ्या १८३ धावा हाती असताना डाव सोडला नाही. समोरचा बलाढ्य संघ १४० धावांत गारद झाला. भरवसा नसता, तर १८३ वरच मान खाली गेली असती.

माझ्या नोकरीत मी हे अनेकदा पाहिले. एका गावात पाचट जाळू नका म्हणून तीन वर्षे सभा घेतल्या. लोक चहा घेत, माना डोलवत आणि घरी जाऊन काडी लावत. "उंदीर होतील, फुटवा दबेल, साहेबांचे काय जाते?" एका म्हाताऱ्याने मात्र दहा गुंठे बाजूला काढले. एकाआड एक सरीत पाचट ठेवले, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून सरी ओली राखली. पहिल्या वर्षी खोडव्याला पाणी उशिरा मिळाले, पीक बेताचेच आले आणि लोक हसले. पण म्हाताऱ्याने खुरप्याने पाचट बाजूला सारून खालची ओल हाताने चाचपली होती, गांडुळे डोळ्यांनी पाहिली होती. त्याने दुसऱ्या वर्षी एकर केला. मग शेजाऱ्याने केला. माझ्या तीन वर्षांच्या भाषणांपेक्षा ते दहा गुंठे जास्त बोलले.

म्हणून सांगतो, कोणतीही नवी रीत एकदम सगळ्या रानात करू नका. घरचे पोट त्यावर आहे. पण "आपल्याला जमणार नाही" म्हणून सोडूनही देऊ नका. कोपऱ्यातले पाच-दहा गुंठे त्यासाठी राखा. तिथे जमले, तर पुढचे एक-दोन हंगाम फसले तरी खचू नका. काय चुकले ते वहीत लिहा आणि पुन्हा करा.

आणि घरातले पोर परीक्षेत एकदा नापास झाले, तर त्याला सगळ्यांदेखत बोलू नका. रात्री जेवताना त्याला ही अल्बियनची गोष्ट सांगा. ग्रेनाडाची सांगायलाही विसरू नका.