हातोडा खाली ठेवा!

परवा आमच्या भाच्याने मारुतीचे मागचे ब्रेक घरीच बदलायला घेतले. ड्रम निघेना, म्हणून साहेबांनी हातोडा उचलला. कडेचा टवका उडाला! वर म्हणतो, "मामा, ही घरी करायची कामं नव्हेत."

मला हे साफ अमान्य आहे. नुकसान घरामुळे होत नाही, घाईमुळे होतं. गॅरेजमध्येही ड्रमवर घण पडताना मी पाहिलाय, आणि वर बिलही भरलंय.

अहो, ड्रम बिडाचा; ठोकला की तडकणारच. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळा, ड्रम सरळ बाहेर येतो. शू एका वेळी एकाच चाकाचे सोडवा. कुठली स्प्रिंग कुठे, ते दुसरं चाक दाखवतं. ड्रम काढलेला असताना पॅडल दाबू नका, सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. लायनरला तेलकट हात नको. आणि शंका राहिली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर नको. त्यात कसला कमीपणा?

नोकरीच्या सुरुवातीला मीही छडी वापरली. तिने गणित कुणालाच आलं नाही, पोरं मात्र दुरावली. ज्याला आटे दिसत नाहीत, तोच हातोडा शोधतो.

असो. भाच्याने नवा ड्रम आणलाय. रविवारी पुन्हा बसणार आहोत. हातोडा मी लपवून ठेवलाय!