शेतकऱ्याची मुले, गाइडमधला शेतकरी

नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेच्या नववीच्या निबंधवह्या या आठवड्यात पाहायला मिळाल्या. विषय नेहमीचा, ‘शेतकऱ्याचे मनोगत’. वहीमागून वही उलटली तरी तोच ‘जगाचा पोशिंदा’, तीच ‘काळी आई’ आणि शेवटी सरकारला जोडलेले तेच हात. निम्मी मुले कांदा पिकवणाऱ्या घरांतली. तरी एक वही सोडली तर कुठेच कांदा विकल्यावर मिळणारी हिशोबाची पट्टी नाही, हमाली-तोलाई नाही, कांदाचाळीत सडलेला माल नाही.

हे सारे गाइडमधून उतरलेले. याचे दुःख आहे.

कारण मराठीत विद्यार्थ्याच्या निबंधाची सुरुवात अशी नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने चौदाएक वर्षांची असताना मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने तो निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापला. ‘अन्याय’ असा मोघम शब्द टाकून ती मोकळी होत नाही. वाड्यांच्या पायात गाडलेली माणसे ती दाखवते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचे काय होई, ते सांगते. डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल लिहिते. वेद वाचायचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, हे थेट देवालाच विचारते. शाळेत जाऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. तिच्या भाषेला धार आली ती आपल्या माणसांचे जगणे नीट पाहिल्यामुळे, आणि ते वर्गात मांडायला तिला कुणी अडवले नाही म्हणून.

असे पाहून लिहिणे शिकवता येते. इटलीतल्या बार्बियाना गावात डॉन मिलानी या पाद्र्याच्या शाळेतली मुले खिशात वही ठेवून दिसेल, सुचेल ते टिपत. मग त्या नोंदींच्या चिठ्ठ्या करून मांडायच्या, जुळवायच्या, नको ते काढायचे. त्यांतल्या आठ जणांनी एका शिक्षिकेला लिहिलेले पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आले.

वेळ नाही, अभ्यासक्रम उरकायचा आहे, असे शिक्षक सांगतात. ती अडचण खरी आहे. पण क्विंटलला काय भाव मिळाला, गाडीभाडे किती गेले, हे घरी विचारून यायला तासिका लागत नाही.

नाशिकच्या त्या गठ्ठ्यातली वेगळी निघालेली एक वही एका मुलीची. बाजारातून आल्यावर बाबा पट्टी घडी करून खिशात ठेवतात आणि त्या रात्री जेवत नाहीत, असे तिने लिहिले होते. त्यावर लाल शाईची काट आहे, शेजारी शेरा: ‘अवांतर’. तिला बोलावून त्याच ओळीपासून निबंध पुन्हा लिहायला सांगावे, एवढी कळकळीची विनंती आहे.