मेंदूचा फोटो म्हणजे जन्मपत्रिका नव्हे

2023 मध्ये अंतरवाली सराटीचे मराठा आरक्षण आंदोलन झाले, 2024 मध्ये वडीगोद्रीचे ओबीसी उपोषण. दोन्ही गावे आपल्याच जालना जिल्ह्यातली, एकाच अंबड तालुक्यातली. तेव्हापासून शेजाऱ्या-शेजाऱ्यांतही मनात गाठ बसली आहे. अशा दिवसांत ‘त्यांचा मेंदूच तसा, शास्त्रज्ञ सांगतात’ असे बोलणे सोपे जाते. शास्त्रज्ञ खरेच काय सांगतात, ते आपण पाहू.

2011 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 90 तरुण-तरुणींच्या मेंदूचे एमआरआय तपासले. स्वतःला पुराणमतवादी म्हणवणाऱ्यांत भीतीशी संबंधित ‘अमिग्डला’ हा भाग सरासरीने मोठा दिसला. उदारमतवाद्यांत, परस्परविरोधी माहिती हाताळणारा भाग मोठा दिसला. 2024 मध्ये नेदरलँड्समधील 928 लोकांवर हीच तपासणी पुन्हा झाली. तेव्हा अमिग्डलातला फरक पहिल्यापेक्षा बराच लहान निघाला आणि दुसरा फरक सापडलाच नाही.

शिवाय हा फरक सरासरीचा आहे. अशा फरकावरून एकट्या माणसाचे मत ओळखता येत नाही. मेंदूमुळे मत बनले की तसे जगता जगता मेंदू घडला, हेही त्यातून कळत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांनी शहराचे रस्ते पाठ केले, तेव्हा त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग वाढलेला आढळला होता. म्हणजे मेंदू शिकतो, बदलतो.

आपण याबाबत जास्त सावध असले पाहिजे. शरीर मोजून माणसाची पायरी ठरवण्याचा प्रकार आपल्या वाट्याला येऊन गेला आहे. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले नाकाच्या मापावरून जातींचा दर्जा सांगत असे. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे दाखवले. त्यांनी विज्ञानाकडे पाठ फिरवली नाही, आकडे मागितले.

म्हणून असा मजकूर मोबाइलवर आला की पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारू या. किती लोक तपासले? पुन्हा तपासल्यावर तेच निघाले का? कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कळले का?

‘त्यांचा मेंदूच तसा’ हे आज आपण शेजाऱ्याबद्दल मान्य केले, तर उद्या वर्गात कुणी आपल्या लेकराबद्दल तेच म्हणेल. तेव्हा आपण काय उत्तर देणार? रविवारी विहारात मुलांना हे जरूर समजावून सांगा.

जयभीम!