कागदावर विमान नेहमीच हलकं

विमानात बसून खोळंबलात की एक घोषणा हमखास होते: "कागदपत्रांची पूर्तता सुरू आहे, थोडा वेळ लागेल." लगेच माना घड्याळाकडे वळतात. मागच्या रांगेतलं कुणीतरी पुटपुटतंच, "आता कसले कागद? विमान काय सातबाऱ्यावर उडतं?"

उडतं, साहेब. सातबाऱ्यावरच उडतं. त्या उताऱ्याला लोडशीट म्हणतात आणि ती काढण्यात माझी एकोणतीस वर्षं गेली. रिकाम्या विमानाचं वजन, माणसं, बॅगा, माल, इंधन यांची बेरीज. आणि तोल नाकाकडे जातोय की शेपटीकडे, याचा हिशोब. इंजिनाला किती जोर द्यायचा, कुठल्या वेगाला नाक उचलायचं, हे वैमानिक त्यावरूनच ठरवतो. बेरीज खोटी तर पुढचं सगळं खोटं.

आणि बेरीज खोटी निघाली की वरच्या मजल्यावरचा ठरलेला शब्द येतो: "मानवी चूक". चौकशीचे अहवाल बिचारे खोलात जातात, पण ते वाचतो कोण? मथळ्यात हे दोनच शब्द उरतात. मला त्यांची चीड आहे.

२१ जुलै २०२० चं बघा. टुई कंपनीचं ७३७ विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या पाल्माला निघालं. कंपनीची आरक्षणाची प्रणाली नुकतीच बदललेली. तिचं प्रोग्रॅमिंग झालं परदेशात, जिथे 'मिस' म्हणजे लहान मुलगी. झालं! नावामागे 'मिस' लावणाऱ्या ३८ बायका संगणकाच्या लेखी ३५ किलोंच्या पोरी ठरल्या. (आपल्याकडे 'कुमारी'चा हाच अर्थ लावला असता तर किती प्राध्यापिका बालवाडीत बसल्या असत्या!) विमान कागदावर १,२४४ किलोंनी हलकं झालं. उड्डाणाच्या आराखड्यात मुलं २९ आणि लोडशीटवर ६५, तरीही ते उडालं. सुखरूप पोचलं, हे नशीब.

मला खटकतं ते पुढेच आहे. हा घोळ १० जुलैलाच लक्षात आला होता. 'मिस' दिसलं की हाताने दुरुस्त करायला माणसं बसवली होती. पण शनिवार-रविवारी ती माणसं कामावर नव्हती, आणि सोमवारी चेक-इन लवकर उघडलं. याला मानवी चूक म्हणायचं? अहो, तिथे माणूसच नव्हता!

आता माणसं होती तिथलं बघा. मेलबर्न, २० मार्च २००९. एमिरेट्सच्या ए३४० च्या वैमानिकांनी लॅपटॉपमध्ये ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले. तीनच्या जागी दोन, आणि शंभर टन गायब. वीसेक हत्ती म्हणा. शेपटी धावपट्टीवर घासली, धावपट्टी संपली, पलीकडचे दिवे आणि अँटेना तोडत विमान कसंबसं वर गेलं. २७५ जीव वाचले. त्याआधी २००४ मध्ये कॅनडात हॅलिफॅक्सला एमके एअरलाइन्सचं मालवाहू ७४७ असं वाचलं नाही. हिशोबात बहुधा आधीच्या उड्डाणाचं २४० टन वजन तसंच राहिलं. खरं होतं ३५३ टन. सातही जण गेले. ती माणसं अतोनात थकलेली होती. त्यांच्या ड्युटीचा तक्ता आखणारा कुठल्याच विमानात नव्हता, हे सांगायला नकोच.

आता माझंच सांगतो. एप्रिलअखेर, मुंबईच्या सहार विमानतळावर रात्रपाळी, आखाताकडे जाणारं विमान आणि त्याच्या पोटात हापूसच्या पेट्या. तेव्हा ट्रिमशीट, म्हणजे तोलाच्या हिशोबाचा कागद, हाताने भरायचो. टोकदार पेन्सिल आणि पट्टी. एकेका कप्प्याच्या वजनानुसार रेघ डावीकडे-उजवीकडे सरकवत खाली उतरायचं. शेवटचा बिंदू आखलेल्या हद्दीत पडला की सही. पेट्या रचलेल्या एका पॅलेटच्या कार्डावर लिहिलं होतं १,२०० किलो. अगदी गोल आकडा! आंबे गोल आकड्यात कधी भरत नाहीत. मी पॅलेट पुन्हा काट्यावर चढवायला लावलं. निघाले १,४६०. रेघ नव्याने ओढली, विमान २२ मिनिटं उशिरा सुटलं.

दुसऱ्या दिवशी मेमो हातात. उशिराला जबाबदार कोण, तर लोड कंट्रोल, म्हणजे आम्ही. खुलासा करा. कार्डावर डोळे मिटून १,२०० लिहिणाऱ्याला मात्र काही नाही. तो कार्गोचा, त्याचं खातं वेगळं, त्याचे साहेब वेगळे.

धंद्याचं गणित असं आहे. उशिराचा मिनिटामिनिटाचा हिशोब, त्याला कोड, त्यावर नाव. टळलेल्या चुकीला ना कोड, ना रकाना. अशा ठिकाणी पोटापाण्यासाठी आलेला पोरगा काय शिकणार? सही आधी, शंका नंतर. आता तर अनेक ठिकाणी लोडशीट काढणारा दुसऱ्याच शहरात बसतो. विमान त्याने बघितलेलंही नसतं. पडद्यावर आकडे येतात, तो पुढे ढकलतो. त्याच्यासमोर ६५ पोरं आली तर त्याने कुणाला हाक मारून विचारायचं, "अहो, एवढी पोरं खरंच आहेत का?" आणि विचारायला थांबला तर मेमो आहेच.

तेव्हा पुढच्या वेळी ती घोषणा झाली की घड्याळ बघू नका. गुपचूप बसा. खाली कुणीतरी एखादं पॅलेट पुन्हा काट्यावर चढवायला लावलं असेल, आणि उद्या मेमो त्यालाच मिळणार आहे.