यजमान गेला, म्हणून अधिवेशनही जावे?

१९१४ साली कोलकात्यात सुरू झालेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०९वे अधिवेशन ३ जानेवारी २०२४ रोजी भरायचे होते. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये आर्थिक अनियमिततेचा आक्षेप घेत निधी काढून घेतला; आयोजक संस्थेने न्यायालयात धाव घेतली. लखनौऐवजी ठरलेल्या पंजाबमधील यजमान विद्यापीठानेही डिसेंबरात असमर्थता कळवली आणि अधिवेशन लांबणीवर पडले. या वादात बाजू कोणाची खरी, हा प्रश्न वेगळा. पण यजमान गेला म्हणून अधिवेशनही जावे, हे कोणत्या न्यायाने?

इतक्या कमी वेळात ऑनलाइन परिषद भरवता येत नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. अमेरिकन फिजिकल सोसायटीची डेन्व्हर येथील मार्च २०२० ची विशाल परिषद करोनामुळे जेमतेम दोन दिवस आधी रद्द झाली. तरीही अनेक सत्रे सहभागी शास्त्रज्ञांनीच पुढाकार घेऊन ऑनलाइन भरवली. भारतातही डिसेंबर २०२० चा भारत आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव ऑनलाइनच झाला. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्या १०८व्या विज्ञान काँग्रेसचे उद्घाटन पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. उद्घाटनाला पडदा चालतो. मग विद्यार्थ्याच्या दहा मिनिटांच्या शोधनिबंधाला तो का चालू नये?

ऑनलाइन परिषदेला प्रत्यक्ष भेटीची सर येत नाही, हे खरेच. भित्तिपत्रकासमोर थबकून ज्येष्ठ संशोधकाने विचारलेला प्रश्न, चहाच्या रांगेत झालेली ओळख, हे पडद्यावर क्वचितच घडते. परंतु येथे तुलना सभागृहाशी नव्हे, शून्याशी आहे. ज्येष्ठ शास्त्रज्ञाला पुढचे निमंत्रण मिळतेच. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त एक अधिवेशन बुडाले, तर विद्यार्थ्याची अर्धी संधी बुडते.

अर्थात, ऐनवेळी नुसती लिंक पाठवणे म्हणजे परिषद नव्हे. निबंध स्वीकारल्याच्या पत्रातच ऑनलाइन पर्याय आणि शुल्क परतीचा नियम स्पष्ट असावा. भाषणे आधी रेकॉर्ड करून घ्यावीत, म्हणजे इंटरनेट खंडित झाले तरी सत्र खंडित होणार नाही. प्रश्नोत्तरांना भाषणाइतकाच वेळ मिळावा. सभागृहाचा करार हाती आहे, पण अशी योजना नाही, त्या परिषदेची तयारी अपुरीच समजली पाहिजे. आणि नोंदणी शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आयोजकांना हाच प्रश्न विचारला पाहिजे.