घरसंसार : नवरी सजवायच्या ब्रशांची धुलाई

भगिनींनो, हिंगणघाट तालुक्यातील एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे की, मुलीने पार्लरचे काम शिकून नवऱ्या सजवायला सुरुवात केली, पेटीभर ब्रश घेतले. पण एका लग्नसराईतच ब्रशांचे केस गळू लागले, काही दांड्यापासून सुटले आणि काहींना कुबट वास येतो. धुवायचे तरी कसे?

आता गावोगावी अशा मुली आहेत. कपाशीच्या वेचणीचे दिवस संपले की लग्नाच्या तिथी धरून त्या चार पैसे मिळवतात. आपल्या घरची लेकही हळदीला, लग्नाला त्यांच्याकडून सजते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर पार्लरवालीने वाचावे तसे नवरीच्या आईनेही वाचावे.

पूर्वी कुंकू लावायचे ते कपाळाला मेण लावून, आपल्या बोटाने आणि आपल्याच करंड्यातले. तरी एका गोष्टीत आपण चुकत होतोच. एकाच बोटाने चार लेकरांच्या डोळ्यांत काजळ घातले जाई आणि एकाच्या खुपऱ्या दुसऱ्याला होत. खुपऱ्यांनी या देशात कितीतरी माणसांची दृष्टी घेतली. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो आजार भारतातून हटल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने दिली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. पण डोळ्यांचे सगळे आजार गेले असे नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती, ती सर्वांच्या आठवणीत असेल. त्या बोटाची जागा आता ब्रशाने घेतली आहे. सकाळी एका मांडवात, दुपारी दुसऱ्या, आणि नवरी आटोपली की करवल्या रांगेत बसलेल्या! घाम, तेल, मेलेली त्वचा आणि पावडर यांचा थर केसांत बसतो, तो ओला राहिला की त्यात जंतू वाढतात. मग ऐन लग्नात चेहऱ्यावर पुटकुळ्या, पापणीवर रांजणवाडी.

धुण्याआधी पाण्याचा विचार करावा. आपल्याकडची जमीन काळ्या खडकावरची, बहुतेक विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड. अशा पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका तयार होऊन तो ब्रशाच्या केसांत बसतो. केस राठ होतात ते पुष्कळदा या साक्याने. रिठ्याचे तसे नाही. जड पाण्यातही रिठा फेस देतो आणि साका धरत नाही. आठ-दहा रिठे फोडून बिया काढाव्या, टरफले दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी दहा मिनिटे उकळून, निवल्यावर कुसकरून फडक्यातून गाळावे. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढेच करावे. रिठे नसतील तर लहान मुलांचा शाम्पू चालतो. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर मात्र नको.

लिपस्टिकचे आणि फाउंडेशनचे ब्रश नुसत्या फेसाने निघत नाहीत, कारण त्यांत मेण आणि तेल असते. आधी तळहातावर दोन थेंब खोबरेल घेऊन त्यात ब्रश गोल गोल फिरवावा, रंग सुटला की फडक्याला पुसावा आणि मग रिठ्याच्या पाण्याने दोनदा धुवावा. तेल मागे राहिले तर पुढच्या वेळी पावडरचे ढेपसे बसतात.

आता केस का सुटतात ते पाहू. केस आणि दांडा यांना जोडणारी पत्र्याची गोल पट्टी असते, तिच्या आत डिंकासारख्या चिकट पदार्थाने केस बसवलेले असतात. आपण काय करतो, गरम पाण्याच्या पेल्यात ब्रश पट्टीपर्यंत बुडवून ठेवतो. डिंक भिजतो, सैल होतो, लाकडी दांडा फुगतो. मग केस गळले तर दोष ब्रशाचा नाही. पाणी कोमट घ्यावे, ब्रशाचे तोंड नेहमी खाली ठेवावे, फक्त केस भिजवावे. तळहातावर हलके फिरवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. पिळू नये, फडक्यात दाबावे. रिठ्याचा अंश राहिला तर तो डोळ्यांत फार झोंबतो, म्हणून डोळ्यांचे ब्रश दोनदा जास्त खळबळावे.

वाळवणे हे धुण्याहून महत्त्वाचे. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला तर सगळे पाणी पट्टीत उतरते. कुबट वास तिथूनच येतो. केस बोटांनी आकारात आणून ब्रश पाटाच्या कडेवर आडवे ठेवावे, केसांचा भाग कडेबाहेर, अधांतरी. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात टाकू नयेत, केस भुरभुरीत होतात आणि दांडे तडकतात. वारा असलेल्या सावलीत रात्रभर पुरे. पावसाळ्यात मात्र दीड-दोन दिवस लागतात. बुडाशी बोटाने दाबून गारवा लागत नाही ना, हे पाहूनच पेटीत घालावे.

एक गोष्ट कपाशीच्या घरांसाठी कळकळीने सांगावीशी वाटते. ब्रश असोत की तोंडाचे फडके, ज्या बादलीत किंवा मगात फवारणीचे औषध कालवले जाते ते भांडे त्यासाठी घेऊच नये. कितीही घासलेले असो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसांहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. तसेच शेतातला कच्चा कापूस चेहरा पुसायला घेऊ नये. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेण असते, तो पाणी शोषत नाही, शिवाय फवारणीचा अंश असू शकतो. मेडिकलच्या दुकानातला शुद्ध कापूस घ्यावा.

स्वतःच्या एकटीच्या वापरातले ब्रश सात ते दहा दिवसांनी धुतले तरी चालेल, अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही तेवढेच सांगते. पण अनेकींना सजवणारीने प्रत्येक नवरीनंतर धुवावे. एका दिवशी दोन लग्ने असतील तर ब्रशांचे दोन संच हवेत, ही खर्चाची बाब आहे खरी, पण धंद्याचे भांडवल समजावे. अगदीच निकड असेल तर ब्रश स्वच्छ फडक्याला पुसून त्यावर ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडावे आणि पूर्ण वाळू द्यावे. ते पेट घेते, चुलीजवळ किंवा समईजवळ नको. रॉकेल आणि नखांचे रिमूव्हर याला पर्याय नाहीत.

लिपस्टिक थेट कांडीने ओठांवर फिरवू नये. स्वच्छ चमच्याने थोडी खरवडून स्टीलच्या ताटलीत घ्यावी. काजळाची पेन्सिल प्रत्येकीसाठी नव्याने टोकदार करावी. स्पंज नीट धुतला जात नाही, तो एका चेहऱ्यापुरताच. कुणाचे डोळे आलेले असतील तर तिच्या डोळ्यांना त्या दिवशी काही लावूच नये, मग ती नवरी असो. घरच्यांना स्पष्ट सांगावे. चुकून लावले गेले तर ते काजळ आणि मस्करा फेकून द्यावा. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर घरगुती थेंब न घालता दवाखाना गाठावा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जिल्ह्यातच आहे.

धुऊन वाळल्यावरही वास येणारा, पट्टी हलणारा किंवा गालावर टोचणारा ब्रश दुरुस्त होत नाही. त्याने घरातली शिलाई मशीन झाडावी.